चार्ल्सटनचा बाळंतपणाचा वॉर्ड

अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्सटन शहरात १९८९ ते १९९४ या काळात एका सरकारी रुग्णालयाने गरोदर स्त्रियांच्या लघवीची चाचणी करून तिचे निकाल पोलिसांच्या हाती दिले. लघवीत कोकेनचा अंश सापडलेल्या ३० स्त्रियांना अटक झाली. काहींना बाळंतपणानंतर रुग्णालयाच्या झग्यातच, रक्तस्राव पुरता थांबलेला नसताना, बेड्या घालून नेल्याचे पुढच्या खटल्याच्या कागदपत्रांत नोंदलेले आहे. हे रुग्णालय म्हणजे मेडिकल युनिव्हर्सिटी ऑफ साउथ कॅरोलायना. खासगी रुग्णालयाचा खर्च न झेपणाऱ्या बायका बाळंतपणासाठी तिथेच येत, आणि त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय असत. गरोदरपणातील व्यसनाला कायद्याने कसे सामोरे जावे, हा वाद अमेरिकेत त्याआधीही होता आणि आजही मिटलेला नाही. पण तो सर्वांत उघडपणे लढला गेला तो या वॉर्डातून निघालेल्या खटल्यात.

भारतात मुख्य फौजदारी कायदा देशभर एकच असतो. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा फौजदारी कायदा वेगळा, आणि खटला भरायचा की नाही हे ठरवणारा सरकारी वकील बहुतेक ठिकाणी मतदारांनी निवडून दिलेला असतो. पुढच्या घटनांचा उलगडा यातूनच होतो. गरोदरपणी अमली पदार्थ घेणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, असे म्हणणारा कायदा त्या काळी कोणत्याही राज्यात नव्हता. १९६२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘रॉबिन्सन विरुद्ध कॅलिफोर्निया’ या खटल्यात व्यसन हा आजार मानला आणि केवळ व्यसनी असण्याबद्दल शिक्षा देता येणार नाही असे ठरवले होते. त्यामुळे सरकारी वकिलांनी वेगळ्याच कामासाठी केलेले कायदे गरोदर स्त्रियांना लावून पाहिले. कॅलिफोर्नियात हेरॉइनचे व्यसन असलेल्या एका स्त्रीला जुळे झाल्यावर तिच्यावर मुलांना धोक्यात घातल्याचा आरोप ठेवला गेला. तिथल्या अपील न्यायालयाने १९७७ मध्ये तो रद्द केला: कायद्यातले ‘मूल’ म्हणजे जन्मलेले मूल, पोटातला गर्भ नव्हे. पुढची दहा वर्षे असे खटले तुरळकच झाले.

चित्र पालटले ते क्रॅकमुळे. कोकेनची पूड खाण्याच्या सोड्यासोबत शिजवून केलेले हे खडे स्वस्त होते, चिलमीतून ओढता येत आणि नशा झटकन चढे. १९८०च्या दशकाच्या मध्यावर शहरांतल्या गरीब वस्त्यांत ते पसरले. १९८५ साली शिकागोचे बालरोगतज्ज्ञ आयरा चॅस्नॉफ यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक छोटा प्राथमिक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात कोकेन घेणाऱ्या अवघ्या २३ स्त्रिया होत्या, आणि लेखकानेही निष्कर्ष जपूनच मांडले होते. वर्तमानपत्रांनी आणि दूरचित्रवाणीने ती सावधगिरी गाळून टाकली. थरथरणाऱ्या नवजात बाळांची छायाचित्रे घरोघर पोचली आणि ‘क्रॅक बेबी’ हा शब्द रूढ झाला. ही मुले कधीच धड शिकू शकणार नाहीत, त्यांची एक पिढीच वाया गेली आहे, असे नामवंत स्तंभलेखक लिहू लागले. १९८६च्या केंद्रीय कायद्याने ५ ग्रॅम क्रॅक आणि ५०० ग्रॅम कोकेनची पूड यांना सारखीच, किमान पाच वर्षांची शिक्षा ठरवली. पूड बहुधा गोरे वापरत. क्रॅकची ओळख मात्र कृष्णवर्णीय वस्तीशी जोडली गेली होती.

या वातावरणात फ्लोरिडा राज्याच्या सेमिनोल काउंटीत एक अजब वाटावा असा युक्तिवाद उभा राहिला. बाळ बाहेर आल्यानंतर नाळेला चिमटा लागेपर्यंत मिनिट-दीड मिनिट जाते. तेवढ्या वेळात आईच्या रक्तातला कोकेनचा अंश नाळेतून बाळात गेला, बाळ तर आता जन्मलेले आहे, म्हणून आईने अल्पवयीन व्यक्तीला अमली पदार्थ ‘पुरवला’, असे सरकारी पक्षाचे म्हणणे होते. अमली पदार्थ पुरवण्याविरुद्धचा हा कायदा विक्रेत्यांसाठी होता. तरीही १९८९च्या जुलैमध्ये त्याखाली एका आईला दोषी ठरवून १५ वर्षांचे प्रोबेशन देण्यात आले. कोकेन घेतल्याचे तिने स्वतःच डॉक्टरांना सांगितले होते. बाळाची काळजी नीट घेतली जावी म्हणून डॉक्टरांपाशी दिलेली कबुली तिच्याविरुद्धचा पुरावा ठरली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये ही शिक्षा रद्द केली आणि विधिमंडळाला असा अर्थ कधीच अभिप्रेत नव्हता असे स्पष्ट केले.

चार्ल्सटनच्या रुग्णालयात गरोदर रुग्णांमधले कोकेनचे प्रमाण वाढते आहे, ही चिंता १९८८च्या शरद ऋतूत सुरू झाली. चिंता खरी होती. कोकेनने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब एकदम चढतो, वार वेळेआधी सुटण्याचा आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका वाढतो. १९८९च्या एप्रिलपासून संशयित रुग्णांच्या लघवीची चाचणी होऊ लागली. व्यसन आढळलेल्यांना सल्ल्यासाठी काउंटीच्या व्यसनमुक्ती विभागाकडे पाठवले जाई. चार महिने झाले तरी फरक दिसेना. त्याच सुमारास राज्यातल्याच ग्रीनव्हिल शहरात पोलीस अशा स्त्रियांना अटक करत असल्याची बातमी प्रसूतिविभागातल्या एका परिचारिकेने ऐकली. तिच्याकडून ती रुग्णालयाच्या कायदा सल्लागारांपर्यंत गेली. त्यांनी ऑगस्टमध्ये चार्ल्सटनचे सरकारी वकील चार्ल्स कॉन्डन यांना पत्र लिहून मदतीची तयारी दाखवली. कॉन्डन यांनी रुग्णालय, पोलीस आणि समाजकल्याण खाते यांना एका टेबलावर बसवले, आणि त्या बैठकांतून एक लेखी धोरण तयार झाले.

ते धोरण नीट वाचले की त्याचा कल उघड होतो. कोणाची चाचणी करायची याच्या नऊ कसोट्या होत्या. गर्भाची वाढ खुंटणे, वार वेळेआधी सुटणे, कारण नसताना लवकर कळा येणे, मूल मृत जन्मणे ही वैद्यकीय लक्षणे त्यांत होतीच. पण गरोदरपणात तपासणीच न करणे, २४ आठवड्यांनंतर पहिल्यांदा येणे, तपासण्या मधेच सोडणे, यांनाही संशयाची खूण मानले होते. मोलमजुरी करणारी, विमा नसलेली, बसचे भाडे मोजून घराबाहेर पडणारी बाई उशिरा येते, त्याचे कारण कोकेनच असायला हवे असे नाही. म्हणजे चाळणीच अशी होती की तिच्यात गरिबी आधी अडकावी. धोरणाचा बराच भाग वैद्यकीय नव्हताच. लघवीचा नमुना हातोहात कसा न्यावा म्हणजे तो न्यायालयात टिकेल, आणि किती आठवड्यांच्या गर्भाला कोणता गुन्हा लावावा, हे त्यात लिहिले होते. २७ आठवड्यांपर्यंत अमली पदार्थ बाळगणे, २८व्या आठवड्यापासून तो १८ वर्षांखालील व्यक्तीला पुरवणे, आणि बाळंतपणानंतर मुलाची हेळसांड. आईला काय उपचार द्यावेत किंवा बाळाची काळजी कशी वेगळी घ्यावी, याबद्दल त्यात काहीच बदल नव्हता.

पहिल्या काही महिन्यांत बाळंतपणाच्या वेळी चाचणीत कोकेन आढळलेल्या स्त्रीला लगेच अटक होई. १९९० मध्ये सवलत आली: उपचाराला तयार झाल्यास अटक टळे, पण पुन्हा चाचणीत कोकेन सापडले किंवा भेट चुकली की पोलीस येत. कागदावर ही वाट माणुसकीची दिसते. पण धोरण सुरू झाले तेव्हा गरोदर व्यसनी स्त्रियांना ठेवून घेणारे एकही निवासी उपचार केंद्र त्या राज्यात नव्हते. घरची लहान मुले कोणाकडे ठेवायची आणि उपचाराला जायचे कसे, याची सोय कोणी केली नाही. ही उणीव एकट्या साउथ कॅरोलायनाची नव्हती. न्यूयॉर्क शहरातल्या ७८ व्यसनमुक्ती केंद्रांची १९८९ साली पाहणी झाली, तेव्हा ५४ टक्के केंद्रे गरोदर स्त्रीला घेतच नव्हती. ती सरकारी आरोग्यसाहाय्यावर असेल आणि व्यसन क्रॅकचे असेल, तर नकार देणारी केंद्रे ८७ टक्के होती. जो उपचार उपलब्धच नाही तो न घेतल्याबद्दल शिक्षा, हा चार्ल्सटनच्या धोरणातला सर्वांत मोठा अन्याय होय.

अटक झालेल्या ३० जणींपैकी २९ कृष्णवर्णीय होत्या. उरलेल्या एकमेव गोऱ्या स्त्रीच्या कागदपत्रांत तिचा जोडीदार कृष्णवर्णीय असल्याची नोंद आढळते. शहरातल्या इतर रुग्णालयांत हे धोरण लागू झाले नाही. अटकेसाठी पाहिले जाई ते कोकेन. गर्भाला ज्याने होणारी हानी वैद्यकशास्त्राने केव्हाच सिद्ध केली आहे त्या दारूसाठी कोणाला बेड्या पडल्या नाहीत. व्यसन गोऱ्यांत नव्हते म्हणून असे झाले काय, याचे उत्तर त्याच काळातल्या दुसऱ्या एका अभ्यासात आहे, आणि योगायोगाने तोही चॅस्नॉफ यांचाच. फ्लोरिडातल्या पिनेलस काउंटीत त्यांनी सरकारी दवाखान्यांतल्या आणि खासगी डॉक्टरांकडे जाणाऱ्या ७१५ गरोदर स्त्रियांची चाचणी केली. दारू किंवा अमली पदार्थांचा अंश गोऱ्या स्त्रियांत १५.४ टक्के, कृष्णवर्णीयांत १४.१ टक्के, म्हणजे जवळपास सारखाच निघाला. पण सरकारी अधिकाऱ्यांकडे तक्रार जाण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बाबतीत सुमारे दहापट होते. हा निबंध १९९० साली छापून आला. पुढच्याच वर्षी कायद्याच्या अभ्यासक डोरोथी रॉबर्ट्स यांनी ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’मधल्या गाजलेल्या लेखात या खटल्यांचा वंशभेदाशी असलेला संबंध सविस्तर मांडला. गुलामगिरीच्या काळापासून कृष्णवर्णीय स्त्रीच्या मातृत्वावर इतरांनीच हक्क सांगितला, हा त्यांचा मुद्दा होता. चार्ल्सटन हे एके काळी अमेरिकेत आणलेल्या आफ्रिकी गुलामांचे सर्वांत मोठे बंदर होते, हे ध्यानात घेतले तर त्या युक्तिवादाचे वजन कळते.

अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९९० मध्येच अशा शिक्षांना विरोध नोंदवला. तुरुंगाच्या भीतीने स्त्रिया तपासणीला येणार नाहीत, आणि तपासणीशिवायचे गरोदरपण बाळाला अधिक घातक, असे डॉक्टरांचे म्हणणे होते. १९९३च्या ऑक्टोबरमध्ये दहा स्त्रियांनी चार्ल्सटन शहर आणि रुग्णालयाविरुद्ध दावा लावला. केंद्र सरकारच्या नागरी हक्क विभागानेही चौकशी सुरू केली, आणि १९९४च्या ऑक्टोबरात रुग्णालयाने धोरण मागे घेतले. दावा पुढे सात वर्षे चालला.

त्या सात वर्षांत कॉन्डन राज्याचे महाधिवक्ता झाले, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘व्हिटनर विरुद्ध राज्य’ या खटल्यात अमेरिकेत तोवर कोणी दिला नव्हता असा निकाल दिला. कोकेनचा अंश घेऊन पण धडधाकट जन्मलेल्या मुलाच्या आईला १९९२ मध्ये हेळसांडीबद्दल आठ वर्षांची शिक्षा झाली होती. न्यायालयाने ती तीन विरुद्ध दोन मतांनी कायम ठेवली. अंतिम निकाल ऑक्टोबर १९९७चा. पोटाबाहेर जगू शकेल इतका वाढलेला गर्भ हा कायद्याच्या दृष्टीने ‘मूल’च आहे, असे बहुमताने ठरवले. आधार घेतला होता १९८४च्या एका निकालाचा. त्या प्रकरणात एका पुरुषाने आपल्या गरोदर पत्नीला भोसकले होते, आणि पोटाबाहेर जगू शकणाऱ्या गर्भाची हत्या हाही गुन्हा ठरतो असे न्यायालयाने म्हटले होते. गरोदर स्त्रीवर हल्ला करणाऱ्याला शासन व्हावे म्हणून निघालेले तत्त्व अशा रीतीने तिच्यावरच उलटले. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्तींनी विचारले की मग सिगारेट, दारू, न घेतलेली तपासणी यांचे काय? राज्याच्याच कायद्यात तेवढ्या वाढलेल्या गर्भाचा बेकायदा गर्भपात करणाऱ्या स्त्रीला कमाल दोन वर्षांची शिक्षा होती, आणि अमली पदार्थ घेऊन मूल जन्माला घालणारीला मात्र दहा वर्षांपर्यंत. या विसंगतीला बहुमताकडे समाधानकारक उत्तर नव्हते.

चार्ल्सटनच्या दाव्याचा निकाल देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २००१ रोजी दिला. ‘फर्ग्युसन विरुद्ध चार्ल्सटन शहर’ या नावाने तो ओळखला जातो. प्रश्न राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीचा होता. तिच्यानुसार सरकारला कोणाचीही झडती न्यायाधीशाच्या वॉरंटशिवाय मनमानीने घेता येत नाही, आणि लघवीची चाचणी हीसुद्धा झडतीच. अपघातानंतर रेल्वे कर्मचाऱ्यांची किंवा शाळेतल्या खेळाडूंची चाचणी न्यायालयाने पूर्वी वॉरंटशिवाय चालवून घेतली होती. तिथे उद्देश सुरक्षेचा होता, पुरावा गोळा करण्याचा नव्हता. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी बहुमताच्या निकालात नेमके इथे बोट ठेवले. व्यसन सोडवणे हा अंतिम हेतू असेलही, पण त्यासाठी हाती धरलेले साधन पोलिसी होते, आणि रुग्णाला वाटत असते की आपल्या तपासणीचे निकाल तिच्या संमतीवाचून परक्याच्या हाती जाणार नाहीत. सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालयाने अशी संमतीविना चाचणी घटनाबाह्य ठरवली. स्त्रियांनी संमती दिली होती काय, हा उरलेला मुद्दा पुढे अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकालात काढला.

याच निकालानंतर आठवड्याभरात, २८ मार्चच्या अंकात, अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाने बोस्टनच्या डेबोरा फ्रँक आणि सहकाऱ्यांचा लेख छापला. गर्भावस्थेत कोकेनचा संपर्क आलेल्या मुलांवरचे तोवरचे अभ्यास त्यांनी पुन्हा पारखले होते. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वाढीवर, बुद्धीवर वा भाषेवर कोकेनचा म्हणून वेगळा काढता येईल असा सातत्यपूर्ण दुष्परिणाम त्यांना आढळला नाही. जे दोष कोकेनचे मानले गेले होते, त्यांतले बरेच तंबाखू, दारू, गांजा आणि मुलाच्या घरची परिस्थिती यांच्याशी जोडता येत होते. फिलाडेल्फियात हॅलम हर्ट यांनी १९८९ पासून दोनशेवर मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. त्यांनाही कोकेनपेक्षा गरिबीचा परिणाम मोठा दिसला. कोकेन निर्धोक आहे असे यांपैकी कोणीच म्हटले नाही. मात्र ज्या भीतीपोटी कायदे वाकवले गेले, तिला विज्ञानाचा आधार नव्हता.

आधार सुटला तरी खटले थांबले नाहीत. साउथ कॅरोलायनाच्या हॉरी काउंटीत मृत मूल जन्मलेल्या एका बेघर तरुणीला २००१च्या मे महिन्यात मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवून बारा वर्षांसाठी तुरुंगात पाठवले गेले. कोकेननेच मूल दगावले हे दाखवणारा पुरावा कालबाह्य होता आणि तिच्या वकिलाने त्याला नीट आव्हानच दिले नाही, असे म्हणत त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये एकमताने ती शिक्षा रद्द केली. तोवर तिची कित्येक वर्षे तुरुंगात गेली होती.

पुढे व्यसन बदलले. क्रॅकची जागा मेथॲम्फेटामिन ऊर्फ मेथने आणि मग डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेदनाशामक गोळ्या व हेरॉइन यांनी घेतली, आणि आता गोऱ्या ग्रामीण स्त्रियाही मोठ्या संख्येने कायद्याच्या कचाट्यात सापडल्या. अलाबामाने २००६ मध्ये एक कायदा केला होता. घरात मेथ बनवताना लहान मुलांना विषारी धूर लागू नये, एवढाच त्याचा उद्देश होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो गर्भालाही लागू केला. विस्कॉन्सिनने १९९०च्या दशकाच्या अखेरीस फौजदारीऐवजी दिवाणी वाट निवडली आणि गरोदर स्त्रीला सक्तीने ताब्यात ठेवण्याची सोय केली. टेनेसीने २०१४ मध्ये थेट गर्भावर हल्ल्याचा गुन्हा कायद्यात आणला, पण दोनच वर्षांची मुदत घालून. २०१६ मध्ये ती मुदत वाढवली गेली नाही. त्या दोन वर्षांत बायका बाळंतपणासाठी शेजारच्या राज्यांत गेल्या किंवा दवाखाना टाळत राहिल्या. हेरॉइनसारख्या पदार्थांचे व्यसन गरोदरपणी एकाएकी तोडणे धोक्याचे असते, म्हणून मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे देऊन ते आवरणे हीच मान्य वैद्यकीय रीत आहे. बाळाला जन्मानंतर नशा तुटल्याने होणारा त्रासही उपचाराने आटोक्यात येतो. मात्र त्यासाठी आईने डॉक्टरांना खरे सांगावे लागते.

दुसरी वाट तुरुंगाऐवजी मूल काढून घेण्याची. २००३च्या केंद्रीय कायद्याने बेकायदा अमली पदार्थांचा परिणाम घेऊन जन्मलेल्या बाळाची माहिती बालसंरक्षण खात्याला देणे राज्यांना बंधनकारक केले. ही माहिती म्हणजे छळाचा ठपका नव्हे, हे त्याच कायद्यात लिहिले आहे. तरी सुमारे दोन डझन राज्ये गरोदरपणातील अमली पदार्थांचा वापर हाच बालछळ मानतात. इतर देशांनी वेगवेगळे निर्णय घेतले. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये गोंद हुंगणाऱ्या गरोदर स्त्रीला उपचारासाठी डांबून ठेवण्यास नकार दिला. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २०१४ मध्ये, दारूच्या संदर्भात, गर्भ ही कायद्याने ‘व्यक्ती’ नाही असे म्हटले. नॉर्वेत मात्र १९९६ पासून सक्तीने दाखल करण्याचा कायदा आहे, पण तो उपचारासाठी, शिक्षेसाठी नव्हे.

अमेरिकेत १९७३ ते २००५ या काळात गरोदरपणाशी जोडलेल्या अटका आणि सक्तीच्या कारवायांची ४१३ प्रकरणे लिन पॅल्ट्रो आणि जीन फ्लेविन यांनी २०१३ मध्ये एकत्र केली. इतर कोणत्याही राज्यापेक्षा जास्त, ९३ प्रकरणे साउथ कॅरोलायनाची होती. २०२२च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला. त्यानंतरच्या एका वर्षातच गरोदरपणाशी संबंधित किमान २१० फौजदारी खटल्यांची नोंद झाली. त्यांतले निम्मे एकट्या अलाबामातले होते आणि बहुतेकांत आरोप अमली पदार्थांचा होता. फर्ग्युसन खटल्याने सरकारी रुग्णालयाला रुग्णाच्या नकळत पोलिसांसाठी चाचणी करण्यास मनाई केली. आईवर खटला भरण्याचा राज्यांचा अधिकार त्याने काढून घेतला नाही, आणि साउथ कॅरोलायनातला १९९७चा व्हिटनर निकाल अजून कायम आहे.